विकायचे राहून गेलेले कॅमेरे

खंडेनवमीला आमच्याकडे तलवारी-बिलवारी नसतात. सुतार पटाशी-रंधा पूजतो, रिक्षावाला रिक्षेला झेंडूची माळ घालतो, तसे आम्ही कॅमेरे पूजतो. सकाळी पुढच्या खोलीत सतरंजी अंथरायची, तिच्यापुढे पाट मांडायचा आणि कपाटातून एकेक बॉडी, एकेक लेन्स काढून ठेवत जायचं. यंदा मोजले. फिल्मचे कॅमेरे अकरा, डिजिटल पाच, लेन्स सतरा. फ्लॅशगन मोजल्या नाहीत, त्यातल्या निम्म्या आता नुसत्या शोभेच्या आहेत.

कुंकवाबद्दल एक सांगून टाकतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, प्रत्येक लेन्सच्या कडेला बोटानं हळदकुंकू लावायचे. कुंकू फार बारीक असतं. ते फोकसच्या रिंगेच्या फटीत उतरतं, आतल्या ग्रीसमध्ये कालवलं जातं आणि वर्षा-दोन वर्षांत रिंग फिरवली की वाळूत जातं फिरवल्यासारखी कचकचते. मुंबईत फोर्टला, बोराबाजारातल्या एका कारागिरानं अशी लेन्स उघडली, आतला लाल राडा पाहिला आणि चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघत बसला. मग म्हणाला, “देवाला दाखवा हो, पण टोपी लावून दाखवा.” तेव्हापासून आमच्या घरात कुंकू टोपीला लागतं.

ही सगळी मांडामांड बघून पाहुणे म्हणतात, केवढा संग्रह केलात! मला हा शब्द झेपत नाही. संग्रह करणारी माणसं वेगळी. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्याकडच्या ४,४२५ कॅमेऱ्यांची नोंद गिनीज बुकात झाली. गुरुग्रामला आदित्य आर्य यांनी आयुष्यभर जमवलेल्या कॅमेऱ्यांतून २०१९ साली ‘म्युझिओ कॅमेरा’ हे संग्रहालय उभं राहिलं. ही माणसं शोधतात, पारखतात, एखाद्या स्क्रूसाठी देश पालथा घालतात. मी चिपळूणचा लग्नाचा फोटोग्राफर. मी एकही कॅमेरा जमवायला म्हणून घेतला नाही, कमवायला घेतला. आणि ज्या वर्षी तो विकायला हवा होता त्या वर्षी नेमका विकला नाही. कधी सीझन चालू होता, कधी समोरच्यानं सांगितलेली किंमत ऐकून डोकं फिरलं. दोन वर्षांनी डोकं ठिकाणावर आलं तेव्हा तेवढीही किंमत उरलेली नसायची. माझ्या कपाटात आहे तो संग्रह नव्हे, न खपलेला माल आहे.

सतरंजीच्या डाव्या टोकाला आग्फा क्लिक थ्री. सातवीत मिळालेला. बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीत बनायचा. हा तुम्हाला फारसं काही विचारत नाही: ऊन आहे की ढग, बस. पाठीवर लाल काचेची बारीक खिडकी, तिच्यातून फिल्मच्या पाठीमागच्या कागदावरचा आकडा दिसतो. तो मधोमध आला की चावी फिरवणं थांबवायचं. १२० ची फिल्म, बारा चौकोनी फोटो. चावी फिरवायला विसरून पुन्हा खटका दाबला तर एकाच चौकटीत दोन फोटो. आमच्या शेजारच्या आजी आणि त्यांचीच म्हैस अशी एकमेकींत मिसळून गेलेली निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहे. आजींना ती कधी दाखवली नाही.

फिल्म मिळेल ती. कधी पूर्व जर्मनीची ऑर्वो, कधी आपली ‘इंदू’. इंदू म्हणजे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची, १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीची. आता ना ती फिल्म राहिली, ना तो कारखाना.

शेजारी याशिका मॅट १२४ जी. स्टुडिओचा खरा कमावता मुलगा हाच. त्याला एकाखाली एक दोन डोळे: वरचा बघायला, खालचा फोटो काढायला. तो छातीशी धरून वरून घासलेल्या काचेत बघायचं. चित्र सुलटं दिसतं, पण डावं-उजवं बदललेलं. माणूस चौकटीच्या कडेला सरकला की शिकाऊ हात हमखास चुकीच्या दिशेला वळतो आणि माणूस चौकटीबाहेर जातो. मी रडकुंडीला आलो की अण्णा म्हणायचे, “पुढे आरशात दाढी करशील तेव्हा काय करशील? तसंच.”

या कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा गुण मला कुठल्या पुस्तकात लिहिलेला सापडला नाही. त्यानं फोटो काढताना फोटोग्राफरची मान खाली असते. त्या काळी स्टुडिओत येणाऱ्यांत निम्म्या मुली ‘दाखवायचा फोटो’ काढायला यायच्या. बरोबर आई किंवा काकू, नवीन साडी, आणि चेहरा दगडाचा. डोळ्याला कॅमेरा लावून समोर उभं राहिलं की तो दगड आणखी घट्ट व्हायचा. अण्णा मान खाली घालून काचेत बघत गप्पा मारायचे. कुठल्या गावच्या तुम्ही, यंदा भात कसं आहे, एसटी वेळेवर आली का. आपल्याकडे कोणी बघत नाही असं वाटून चेहरा सैल पडायचा आणि तेवढ्यात फोटो झालेला असायचा. याचं शटर लेन्समध्येच असतं, बारीक पात्यांचं. आवाज नखावर नख वाजवल्याएवढा. “काढा ना आता,” असं मुलगी म्हणायची तेव्हा अण्णा फिल्म पुढे सरकवत असायचे.

रात्री निगेटिव्हवर पेन्सिल चालायची. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर पारदर्शक ठिपक्यासारखा दिसतो. तेवढा ठिपका टोकदार पेन्सिलीनं भरला की प्रिंटवर डाग नाही. किती भरायचा हे त्या कारागिरीचं मर्म. अण्णा पुटकुळ्या भरायचे, तीळ सोडायचे. “तीळ काढला तर सासरची माणसं दुसरीच मुलगी आली म्हणतील.”

झेनिट-ई आणि याशिका इलेक्ट्रो ३५ यांच्यावर फार वेळ घालवत नाही, पण दोघांची एकेक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इलेक्ट्रो १९६६ सालचं मॉडेल. छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग तो स्वतः ठरवतो. त्याच्या पोटात रबराची एक चिमुकली गादी असते आणि पन्नास-साठ वर्षांत रबर विरघळतंच. गादी शाबूत आहे का, हे बाहेरून एकाच गोष्टीवरून कळतं: फिल्मचा दांडा ओढला की आतून ‘टक्’ असा जाड आवाज आला पाहिजे. जुना इलेक्ट्रो घेणाऱ्यानं आधी कान लावावा, काच मग बघावी. त्याची मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. सहा व्होल्टची छोटी बॅटरी आणि तिच्या मागे कोंबलेली स्प्रिंग, यावर माझा चालतो. झेनिट रशियन. मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर मिळाला. त्याच्या बॉडीला कोणी हात लावत नाही, पण पुढची हेलिओस ५८ मिलिमीटर लेन्स मात्र आजची पोरं मागत येतात. मागची झाडं ती भोवऱ्यासारखी गरगर फिरवून दाखवते. आमच्या काळी हा दोष होता.

आता निकॉन एफएम टू. कुवेतला असलेल्या मेहुण्यानं सुट्टीवर येताना आणला. हे मॉडेल १९८२ सालचं. शटर सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत जातं याचं तेव्हा केवढं कौतुक! लग्नाच्या धंद्यात मला तो वेग कधी लागला नाही. लागला तो १/२५०. माझ्याकडचा मॉडेलमधल्या दुरुस्तीनंतरचा, त्यामुळे फ्लॅशबरोबर एवढा वेग चालतो. भर दुपारच्या मुहूर्ताला मांडवाच्या झावळ्यांतून नवरीच्या चेहऱ्यावर उन्हाचे चट्टे पडतात. आधीच्या कॅमेऱ्यात फ्लॅश १/६० वर चालायचा. त्यात एक तर अंगण पांढरंफटक, नाहीतर नवरी काळी. एफएम टूनं दोघांना एका फोटोत आणलं. बॅटरी त्याला फक्त प्रकाश मोजायला लागते, शटर घड्याळासारखं दाते-स्प्रिंगांवर चालतं. बॅटरी संपली म्हणून लग्न थांबलं, असं त्याच्याबरोबर कधी झालं नाही.

फ्लॅशचं गणित तोंडपाठ लागायचं. माझ्या गनेचा अंक २८. त्याला अंतरानं भागायचं, की छिद्राचा आकडा मिळतो. साडेतीन मीटरवर आठ, दोन मीटरवर चौदा, म्हणजे अकरा आणि सोळाच्या मधे कुठेतरी. मागून वऱ्हाडानं ढकललं की गणितही ढकललं जायचं. फिल्म ३६ ची, पण बोटांच्या हिशोबानं नीट भरली तर ३८ निघायचे. लग्नाला ठरलेले चार रोल, म्हणजे दीडशे फोटो. माझा पुतण्या आज मंगलाष्टकं संपायच्या आत तेवढे काढतो. मी त्याला नावं ठेवत नाही. अंतरपाट एकदाच खाली येतो आणि त्या वेळी माझा आकडा ३५ वर असण्याची जी धास्ती असायची, ती कोणाच्या वाट्याला यावी असं मला वाटत नाही. गुरुजींना आधी गाठून विचारायचो, “किती म्हणणार?” ते पाच म्हणाले की चौथीला अर्धा रोल फुकट घालवून नवा भरायचो. एकदा गुरुजी पाच सांगून चारवर थांबले. त्या जोडप्याच्या अल्बममध्ये अंतरपाटाचा फोटो नाही. नवऱ्याची आई पुढे बरीच वर्षं बाजारात दिसली की मी रस्ता बदलायचो.

घाटावरच्या मित्रांची तक्रार धुळीची. आम्हा कोकणातल्यांचा वैरी बुरशी. एका जूनमध्ये १३५ मिलिमीटरची लेन्स कपाटात ठेवली, गणपतीला काढली. छिद्र पूर्ण उघडून मागून टॉर्च मारला तर आत कोळ्यानं जाळं विणल्यासारखे पांढरे धागे. बुरशी काच खात नाही. ती काचेवरची धूळ, तेलाचा ओशट पापुद्रा यांवर जगते, पण तिच्यातून सुटणारं आम्ल काचेवरचा लेप खातं. वेळेवर उघडून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियानं पुसली तर धागे जातात. उशीर झाला तर धागे गेल्यावरही त्यांची नक्षी राहते, देवीच्या व्रणांसारखी.

पासष्ट टक्क्यांच्या वर दमटपणा टिकला की तिचं फावतं. आमच्या पावसाळ्यात घरातला काटा नव्वदच्या आसपासच झोपलेला असतो. सगळे उपाय करून झाले. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवली, तर धूळ आणि पोरकिडे मिळाले. लाकडी कपाटाच्या तळाला पंधरा वॉटचा बल्ब लावला, तो उपाय खरा. त्यानं हवेतलं पाणी जात नाही, पण हवा कोमट झाली की तिचा दमटपणा टक्क्यांनी उतरतो. फक्त जुलैत आमच्याकडे बल्बापेक्षा वीज जाण्याचे तास जास्त. शेवटी रबरी कडेचे हवाबंद डबे आणि सिलिका जेल. तिचे निळे दाणे ओल शोषून गुलाबी झाले की तव्यावर मंद भाजायचे, परत निळे होतात. तवा वेगळा लागतो, कारण तो निळा रंग पोटात जाण्यासारखा नाही. हे मला पोळीच्या तव्यावर भाजून झाल्यावर कळलं. त्या दिवशीचं बोलणं इथे देत नाही.

आणि चामड्याची केस! इतकी देखणी, आतून मखमल लावलेली, पावसाळ्यात लेन्सला तिच्याइतकी वाईट जागा नाही. चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला घर होतं. बोराबाजारातल्या कारागिराचं म्हणणं असं, की दर आठवड्याला वापरात असलेली लेन्स त्याच्याकडे बुरशीसाठी क्वचित येते. येतात त्या जपलेल्या.

२००५ साली पतसंस्थेचं कर्ज काढून सहा मेगापिक्सेलची डिजिटल बॉडी घेतली. कर्ज पाच वर्षांचं, बॉडीची किंमत तीन वर्षांत अर्ध्यावर. पुढच्याच जानेवारीत निकॉननं बहुतेक फिल्म कॅमेरे बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच महिन्यात कोनिका मिनोल्टानं फोटोच्या धंद्यातूनच अंग काढून घ्यायचं ठरवलं. ज्या लॅबच्या दारावर कोनिकाचा बोर्ड, तिथे मी रोल धुवायला टाकायचो. बोर्ड बरीच वर्षं तसाच राहिला, खाली मोबाइलचं दुकान झालं. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला, तोवर माझा एफएम टू कपाटाच्या मागच्या रांगेत गेला होता.

सतरंजीवरच्या पाच डिजिटलपैकी आज दोन सुरू होतात. एकाचं कार्ड मिळत नाही, एकाची बॅटरी मिळत नाही, आणि एकाच्या मुठीचं रबर दमट हवेनं चिकट होऊन हाताला गुळासारखं लागतं. साठीतला इलेक्ट्रो मात्र अजून ‘टक्’ म्हणतो.

लेन्सचं तसं नसतं. निकॉनची लेन्स अडकवायची कडी १९५९ सालची. तेव्हापासूनच्या पुष्कळशा लेन्स पुढच्या बॉडींवर बसत आल्या. हेलिओसचं घोडं मात्र त्या कडीवर एका मिलिमीटरनं अडायचं. तिला फिल्मपासून साधारण साडेपंचेचाळीस मिलिमीटरवर बसायचं असतं, निकॉनची कडी साडेसेहेचाळीसवर. एवढ्याशा फरकानं लांबचा डोंगर कधी स्पष्ट यायचाच नाही. २०१८ मध्ये आलेल्या निकॉनच्या बिनआरशाच्या बॉडींत हे अंतर १६ मिलिमीटरवर आलं. मधे रिंग टाकायला भरपूर जागा झाली आणि कालबाह्य म्हणून बाजूला टाकलेल्या लेन्स एका वर्षात पुन्हा कामाला लागल्या.

मग २२ जुलै २०२१. पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. घर उंचावर, म्हणून कपाट वाचलं. स्टुडिओ बाजारात, तिथे पाणी पंख्याच्या पात्यांपर्यंत. चालू वापरातल्या दोन बॉडी गेल्या, संगणक गेला, हार्ड डिस्क गेल्या. तेरा-चौदा वर्षांची लग्नं त्या डिस्कमध्ये होती. खाली जमिनीवर पत्र्याची पेटी होती, निगेटिव्हची. तिसऱ्या दिवशी चिखल ओढून दार उघडलं, पेटी उघडली. आत बटरपेपरच्या पाकिटांचा लगदा आणि त्यात फिल्म.

ओली फिल्म वाळू द्यायची नसते, हे अण्णांनी शिकवलेलं. फिल्मवरचा थर जिलेटिनचा. पट्ट्या एकमेकींवर वाळल्या की कायमच्या चिकटतात, मग सोडवाव्यात तर चित्र निघून हातात येतं. म्हणजे ओल्याच ठेवायच्या आणि थंड, स्वच्छ पाण्यात एकेक सोडवायची. गावभर पाणी, आणि धुवायला स्वच्छ पाणी कुठेच नाही. बायकोनं पागोळ्यांखाली पातेली, बादल्या, मुलीचा जुना आंघोळीचा टब, सगळं लावलं. पावसाचं पाणी फिल्मला उत्तमच, त्यात क्षार नसतात. चार दिवस आम्ही तिघं पाटावर बसून निगेटिव्ह धूत होतो, पडवीत दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी टांगत होतो. बाहेर लोक घरातला चिखल काढत होते, वाचनालयाची भिजलेली पुस्तकं रस्त्यावर येत होती, आणि आमच्या पडवीत शे-दोनशे नवऱ्या उलट्या लटकत होत्या. तीनशेच्या वर लग्नं होती त्या पेटीत. दोनशे चाळीसेक हाताला लागली.

ऑगस्टपासून माणसं यायला लागली. घराघरांतले अल्बम फुगून दुप्पट झाले होते, पानं उघडली की फोटोचा रंग समोरच्या पानावर. “तुमच्याकडे काही असेल का हो?” मी वर्ष विचारायचो. २००५ च्या अलीकडचं सांगितलं की मान हलवायचो, पलीकडचं सांगितलं की पेटी उघडायचो.

ते काम करून दिलं ५५ मिलिमीटरच्या मायक्रो-निक्कोरनं. ही लेन्स मी ‘कॉपी’साठी घेतली होती. कोणी वारलं की घरचे ग्रुप फोटो घेऊन येतात, त्यातला मागच्या रांगेतला एवढासा चेहरा मोठा करून हार घालायची तसबीर बनवायची. ही लेन्स नुसती लावली तर वस्तू अर्ध्या आकारात येते, मधे रिंग टाकली की पूर्ण आकारात. कॉपीचा धंदा संपल्यावर चार जणांना विकायला काढली, एकानंही घेतली नाही. आता मित्राची २४ मेगापिक्सेलची बॉडी, तिला ही लेन्स, खाली पांढऱ्या उजेडावर निगेटिव्ह, आणि संगणकावर नारिंगी झाक काढून उलटा रंग सुलटा करायचा. एका लग्नाला एक रात्र.

१९९४ सालच्या एक ताई आल्या होत्या. पडद्यावर अंतरपाटाचा फोटो आणला. नवरी बावीस वर्षांची, डोळे खाली, गुरुजींचा हात अर्धा चौकटीत. मला वाटलं, त्या स्वतःकडे बघतील, नाहीतर मागे उभ्या असलेल्या माणसांकडे. त्यांनी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “हा पाट आमचा. शिसवी. आजेसासूंच्या लग्नातला. गेला परवा वाहून.” मग म्हणाल्या, “एवढाच मोठा करून मिळेल?” केला. पितळी फुल्यांसकट आला.

पुतण्याला हल्ली फिल्मचं वेड लागलंय. एका रोलच्या पैशात चौघांचं सुरमईचं जेवण होतं, हे मी त्याला सांगतो आणि पुढच्या वेळी मुंबईहून येताना दोन रोल घेऊन येतो. त्यानं एफएम टू मागितला. दिला. इलेक्ट्रोला परवा पुण्याहून एक गिऱ्हाईक आलं होतं. त्या मुलीनं आधी दांडा ओढून कानाशी धरला, तेव्हाच कळलं की पोरगी जाणकार आहे. सांगितलेली किंमत मी त्या कॅमेऱ्यासाठी आयुष्यात ऐकली नव्हती. सीझन चालू आहे, दिवाळीनंतर बघू, म्हणालो.

यंदाच्या खंडेनवमीला सगळं मांडून झाल्यावर बायकोनं पेटीही बाहेर आणा म्हणून सांगितलं. पेटीचा पत्रा खालून गंजलाय, एक कडी पुरात गेली, तिथे सुतळी आहे. मी आणि पुतण्यानं दोन बाजूंनी धरून बघितली, हलेना. शेवटी तिनं पाटच उचलून पेटीजवळ नेला.